खेकड्याचे केवायसी

पूर्वी बँकेत खाते उघडायचे म्हणजे ओळख देणारा खातेदार लागत असे. ज्याचे खाते आधीपासून आहे अशा एखाद्या सभ्य गृहस्थाने फॉर्मवर सही करून 'हे माझ्या माहितीतले आहेत' असे लिहून द्यायचे. तो गृहस्थ स्वतः किती सभ्य आहे हे कोणी विचारत नसे. पुढे 2002 साली रिझर्व्ह बँकेने 'आपला ग्राहक ओळखा' असे फर्मान काढले, आणि ओळख देणाऱ्या माणसाची जागा हळूहळू कागदांनी घेतली. आता माणूस साक्षात समोर उभा असला तरी तो खरोखर उभा आहे की नाही हे आम्ही त्याच्या झेरॉक्सवरून ठरवतो. केवायसी ही तीन अक्षरे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. हे सगळे सांगायचे कारण एवढेच, की माणसांच्या ओळखी तपासण्यात ज्याची बावीस वर्षे गेली त्याच्यावर एके दिवशी खेकड्याची ओळख करून घेण्याची पाळी आली, आणि या दोन्ही पद्धती त्याला लागल्या.

माझा जन्म अकोल्याचा, शिक्षण वाणिज्य शाखेचे. तेव्हा खेकडा आणि मी यांचा संबंध फक्त पंचांगापुरता. माझी रास कर्क. राशिभविष्याच्या पानावर आमच्या राशीचा एक ठेंगणा, आठ पायांचा आणि दोन नांग्यांचा प्रतिनिधी काढलेला असे आणि त्याच्याखाली 'आर्थिक व्यवहार जपून करा' असे लिहिलेले असे. बँकेत लागलो तेव्हा मला वाटले, हे भविष्य खरे ठरले. याखेरीज हा प्राणी मला भेटला तो म्हणीत आणि रोगात. कर्करोगातला कर्क म्हणजेच खेकडा, आणि मराठी माणसाच्या एकीवर भाषण करायला उभा राहिलेला प्रत्येक वक्ता खेकड्यांची टोपली घेऊनच उभा राहतो. एवढ्या मोठ्या प्राण्याची एवढी बदनामी, आणि त्याची बाजू कोणी ऐकून घेतलेली नाही. ताटात मात्र तो कधी आला नव्हता.

लग्न झाले ते रत्नागिरीकडच्या मुलीशी. तिने माहेरचे म्हणून जे काही आणले त्यात पाटा, नारळाची खवणी आणि समुद्राविषयीचा जबर अभिमान या तीन जड वस्तू होत्या. पहिल्या दोन बदल्यांमध्ये मोडल्या. तिसरी शाबूत आहे. तिच्या मते खेकडा म्हणजे खाडीतली चिंबोरी. बाकी ज्याला आपण खेकडा म्हणतो ते नुसते चालणारे काहीतरी. शेतातल्या बिळात राहणाऱ्या खेकड्यांना त्यांच्याकडे 'मुठे' म्हणतात, आणि मुठे म्हणजे चिंबोरीचे गरीब नातेवाईक. लग्नकार्यात बोलवायचे, पण फोटोत पुढे उभे करायचे नाही.

अशा या जोडप्याची बदली वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या एका शाखेत झाली. बदलीचा हुकूम आला तेव्हा सौ.ने नकाशा काढून समुद्र किती लांब आहे ते पाहिले. रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या पुढे. तिने नकाशा मिटला तो एखाद्याच्या तेराव्याची पत्रिका मिटावी तसा.

या तालुक्यातले जगाला ठाऊक असलेले गाव म्हणजे पोहरादेवी. बंजारा समाजाची काशी. जगदंबेचे देऊळ आहे आणि संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला कुठून कुठून माणसे येतात. आंध्र, तेलंगण, कर्नाटकातल्या गाड्यांच्या पाट्या वाचत उभे राहिले तर भूगोलाचा एक पेपर सुटेल. ऑक्टोबर 2024 पासून तिथे बंजारा विरासत संग्रहालयही उभे आहे, नगाऱ्याच्या आकाराचे. या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून देशभर धान्य आणि मीठ पोचवत असत. लमाण हा शब्द 'लवण' यावरूनच आला असे म्हणतात. मी ही माहिती सौ.ला मोठ्या उत्साहाने सांगितली. म्हणजे बघ, म्हटले, समुद्र इथवर येऊन गेलेला आहे. तिने विचारले, "मीठच आणलं ना? चिंबोऱ्या आणायला काय झालं होतं?"

तर मृग लागला. सात-आठ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि त्याचे त्या वर्षीचे वाहन कोणते यावर शाखेतले निम्मे कर्मचारी पाऊस ठरवतात. हत्ती असला तर धो धो, बेडूक असला तरी बरा, गाढव असले की पीककर्जाच्या वसुलीची चिंता आतापासूनच सुरू. या वाहनांच्या यादीत कोल्हा आहे, उंदीर आहे, म्हैस आहे, पण खेकडा नाही. वास्तविक मृगाची बातमी जमिनीखालून सगळ्यात आधी लागते ती खेकड्याला. उन्हाळाभर तो नाल्याकाठच्या खोल बिळात, जिथे थोडी ओल शिल्लक असते तिथे निपचित बसलेला असतो. पहिला दमदार पाऊस पडला, बिळात पाणी उतरले, की साहेब बाहेर. हवामान खात्याने त्याला पगार सुरू करायला हरकत नाही.

ही माहिती मला दिली आमच्या शाखेतल्या शिपायाने. त्यांना सगळे 'कारभारी' म्हणतात. तांड्यात नायकाच्या खालोखाल कारभाऱ्याचा मान असतो, पण आमच्या कारभाऱ्यांना हे नाव तांड्याने दिलेले नसून शाखेने दिलेले आहे, कारण शाखा तेच चालवतात. पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, पीककर्जवाल्यांची रांग दाराबाहेर गेलेली असताना, ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, खेकडे निघाले. घ्याचे अशीन तं सांगा. माहीत नसलेल्या मानसानं जाऊ नये. पोकळ देतेत."

'पोकळ देतेत' हे शब्द ऐकताच माझ्यातला बँकवाला ताठ झाला. म्हणजे खोटी नोट चालवण्याचा प्रकार इथेही आहे तर! "ओळख लागते म्हणता?" मी विचारले. "मी देतो ना ओळख," कारभारी म्हणाले. 2002 नंतर इतक्या वर्षांनी ओळख देणारा खातेदार मला पुन्हा भेटला, तो असा.

जागा पोहरादेवीच्या रस्त्यावर, पण देवस्थानाच्या गर्दीपासून पुष्कळ अलीकडे, तांड्याकडे पायवाट फुटते तिथल्या कडुनिंबाखाली. नियम कारभाऱ्यांनी वाटेतच सांगितले. दर्शनाला जाताना घ्यायचे नाहीत, दर्शनाहून परतताना घ्यायचे नाहीत. त्यासाठी वेगळा फेरा. निंबाखाली चार-पाच जणी बसलेल्या, प्रत्येकीपुढे घमेले किंवा बादली. कारभारी सरळ सगळ्यात म्हाताऱ्या बाईपुढे जाऊन बसले आणि म्हणाले, "याडी, हे आमचे साहेब." तांड्यात आईला याडी म्हणतात. ती त्यांची आई नव्हती. पण त्या वयाच्या बाईला दुसरे काय म्हणणार? मग माझीही ती याडीच झाली.

आता टोपलीच्या म्हणीचा एकदा निकाल लावून टाकतो. मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढू लागला की बाकीचे त्याचे पाय ओढतात, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. याडीच्या बादलीवर ओले पोते होते, पोत्यावर दगड होता, आणि त्या दगडावर तिने पाय ठेवलेला होता. "झाकण कशाला?" मी विचारले. ती म्हणाली, "नाई तं पयते ना बापा. एकाच्या पाठीवर एक चढते अन् पयते." म्हणजे पाय ओढणे तर दूरच, उलट एकमेकांना खांदा देतात. यापुढे एकीवरच्या भाषणात कोणी टोपली काढली तर त्याने मानोऱ्याच्या बाजूला एक चक्कर मारून यावी.

पोते बाजूला झाले. आत काळपट-तांबूस रंगाची बरीचशी मंडळी एकमेकांवर बसून मार्चअखेरीच्या कॅशियरसारखी डोळे बाहेर काढून बघत होती. डोळे खरोखरच बाहेर, दांड्यांवर. त्यांच्या नांग्या वाखाच्या दोरीने बांधलेल्या होत्या, पण काही बिनबांधलेले होते, आणि त्यांनी मला उघड्या नांग्या दाखवल्या. मी हात मागे घेतला.

"हात कायले मांगं घेता जी?" याडी म्हणाली. "त्याले दोन हायेत, तुमालेबी दोनच हायेत."

तिने तर्जनी आणि अंगठा मागच्या बाजूने पाठीवर आडवा धरून एक खेकडा अलगद उचलला. मागून धरलेल्या खेकड्याची नांगी माणसापर्यंत पोचत नाही. कर्जदाराला नेहमी पुढून धरायला जाणाऱ्या आमच्या खात्याने या पद्धतीचा विचार करावा. मग माझे प्रशिक्षण सुरू झाले, ते बँकेच्या प्रशिक्षण केंद्रापेक्षा पुष्कळ बरे होते. चहा नव्हता एवढेच.

"पहिले डोया पाहा," ती म्हणाली आणि तिने डोळ्यापाशी काडी नेली. डोळा टपकन आडवा होऊन खाचेत गेला. "जिता हाय. मेलेला फुकट देल्ला तरी घेऊ नका." हे मी लगेच मनात टिपून घेतले. मेलेला खेकडा फार लवकर नासतो, तो पोटात गेला की माणसाच्या खात्यावरच शिल्लक राहत नाही. थोडक्यात, हयातीचा दाखला पहिला. आमच्याकडे तो पेन्शनरांना नोव्हेंबरात लागतो, इथे दर वेळी लागतो.

"आता वजन." तिने सारख्याच दिसणारे दोन खेकडे माझ्या दोन्ही तळहातांवर ठेवले, नांग्या बांधलेले. एक बसला तो रुपयांची थैली ठेवावी तसा. दुसरा लिफाफ्यासारखा हलका. "पोट दाबा त्याचं. कोऱ्या नोटेवानी कडक लागला पायजे." हलक्याचे पोट अंगठ्याखाली किंचित दबले. "कात टाकेल हाय थो. आत पाणीच पाणी." खेकडा वाढतो तेव्हा जुने कवच त्याला पुरत नाही. ते तो टाकतो आणि नवे मोठे कवच घेतो, आणि अंग त्या कवचाएवढे भरेपर्यंत आत नुसते पाणी असते. अशा कंपन्या मी पाहिलेल्या आहेत. त्यांची मोठमोठी ऑफिसे असतात, ताळेबंद दाबून पाहिला की अंगठा आत जातो.

एका खेकड्याला एक नांगी कमी होती. मी स्पष्टीकरण मागितले. भांडणात गेली असेल, याडी म्हणाली, येईल परत. हे खरे आहे. तुटलेली नांगी पुढच्या एक-दोन कातींमध्ये पुन्हा फुटते, आधी बारकी, मग हळूहळू मोठी. याच्या रक्तात आपल्यासारखे लोखंड नसते, तांबे असते, असेही मी पुढे वाचले. अशा लोकांशी व्यवहार करताना माणसाने आदर बाळगावा.

मग तिने एकाला उताणे केले. पोटावर एक झडप होती, अरुंद आणि टोकाला निमुळती. "हा बाप्या." दुसऱ्याची झडप रुंद, जवळजवळ सगळे पोट झाकणारी. "हे बाई." सौ.ने निघताना बजावलेले मला आठवले: आणायची तर मादी आण, लाखेची. लाख म्हणजे मादीच्या आतला तो पिवळा-नारिंगी गाभा. कोकणात त्यासाठी भाऊबंदकी होते म्हणतात. मी रुंद झडपेची मागितली. याडीने झडप नखाने जराशी उचलली आणि माझ्यासमोर धरली. आत मोहरीएवढी पिल्ले चिकटून बसली होती. अंडी नव्हेत, आळ्या नव्हेत, हातपाय असलेले पुरे खेकडे. समुद्रातल्या खेकड्यांची पोरे आधी भलत्याच रूपात पाण्यावर तरंगत हिंडतात आणि मग कधीतरी खेकडा होतात. गोड्या पाण्यातल्याला ही चैन परवडत नाही. त्याची पिल्ले अंड्यातून खेकडा होऊनच निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाखाली राहतात.

"ही देत नाई," याडी म्हणाली.

"का बरं?"

"बियाणं हाय ना हे. बियाणं कोनी खाते काय जी?"

आणि ती खेकडी तिने बादलीशेजारच्या पत्र्याच्या डब्यात वेगळी ठेवली. संध्याकाळी तो डबा नाल्यावर नेऊन रिकामा होतो असे कारभाऱ्यांनी सांगितले. त्या आठवड्यात आमच्या काउंटरसमोर जी रांग होती ती सोयाबीनच्या बियाण्याच्या पैशासाठीच होती, आणि त्या रांगेत काहीजण असे होते की ज्यांनी मागच्या साली बियाणे खाल्ले होते. हौस म्हणून कोणी खात नाही.

पूर्वी खूप निघत, याडी सांगत होती. पोरे रात्री बॅटऱ्या घेऊन जात, उजेड डोळ्यावर पडला की खेकडा जागच्या जागी बसे, घमेली भरून येत. आता बांधावर तणनाशक मारतात. जिथे मारले तिथे पुढच्या मृगात बीळ दिसत नाही. बिळात हात घालायचे काम मात्र तिने पोरांना कधी करू दिले नाही. काही बिळांत मालक बदललेला असतो, आणि नव्या मालकाला पाय नसतात. ज्या बिळाच्या तोंडाशी ताज्या ओल्या चिखलाच्या गोळ्या पडलेल्या असतील तेच खेकड्याचे. पत्त्याचा पुरावाही झाला.

बिळांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले, खालच्या वाडीतली माणसे गेली. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले की धरण खेकड्यांनी पोखरले. ठाण्यात आंदोलक पोलीस ठाण्यात खेकडेच घेऊन गेले, आरोपींना अटक करा म्हणून. सौ. त्या जिल्ह्याची. तो विषय निघाला की अजूनही तिचा आवाज चढतो. "आमच्या खेकड्याला लिहिता-वाचता येत नाही म्हणून," ती म्हणते, "नाहीतर त्यानं खुलासा मागितला असता."

पहिल्या दिवशी मी एक वाटा घेऊन आलो. वाट्यात सहा. मी ते तीन वेळा मोजले आणि तीन वेळा वेगळे आले, कारण मोजताना नोटा जागच्या जागी राहतात ही आमच्या शिक्षणातली मूळ कल्पना. घरी सौ.ने पिशवीत डोकावून पाहिले. "मुठे!" एवढेच म्हणाली. पण म्हणताना तिने पदर खोचला हे मी पाहिले.

आता पाककृतीबद्दल मी बोलणे म्हणजे शिपायाने मॅनेजरच्या अधिकारांबद्दल बोलण्यासारखे आहे. (आमच्या शाखेत तेही होते.) कारभाऱ्यांनी पत्नीकडून विचारून आणलेली सूचना अशी: बारके पाय वेगळे काढायचे, कुटायचे, पाणी घालून गाळायचे. त्या पाण्यातच सगळा जीव असतो. कांदा आणि सुके खोबरे चुलीवर भाजून वाटायचे, रस्सा दाट करायला भाजलेले ज्वारीचे पीठ, तिखट आपल्या सोसण्याप्रमाणे म्हणजे त्यांच्या सोसण्याप्रमाणे, आणि सोबत ज्वारीची भाकर. सुके खोबरे हा शब्द ऐकून सौ.ला क्षणभर बसावे लागले. ओल्या नारळाविना खेकडा, हे तिला धर्मांतरासारखे वाटत होते. पाय कुटून गाळण्याचे मात्र तिला पटले, कारण तिची आजीही तसेच करी. कच्चे काही राहू नये म्हणून तिने ते बराच वेळ रटरटू दिले. गोड्या पाण्यातला खेकडा अर्धाकच्चा खाल्ला तर फुप्फुसात कृमी होण्याची भीती असते, हे डॉक्टरही सांगतात. त्या रात्री तिने दोन भाकरी खाल्ल्या. मत विचारले तर म्हणाली, "रस्सा बरा झालाय." खेकड्याबद्दल अवाक्षर नाही. माझ्या कपाळावर घामाच्या धारा होत्या, नाक वाहत होते, आणि आपल्या राशीचे एवढे भले आजवर कोणी केले नव्हते असे मला वाटत होते.

पुढच्या खेपेला ती स्वतः आली. समुद्र आणि नाला यांची ही शिखर परिषद कारभारी आणि मी थोडे लांब उभे राहून पाहिली. सौ.ने सांगितले की चिंबोरी अमावास्येच्या सुमारास भरलेली असते, पौर्णिमेला पोकळ निघते, तेव्हा खरेदी चंद्र बघून करावी. याडीने ते नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "आमी चांद नाई पाहत माय. ढग पाहतो." सौ.ने भरती-ओहोटी समजावून सांगितली. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते. याडीने विचारले, "रोज?" रोज. "कवाच चुकत नाई?" कधीच नाही. याडी बराच वेळ गप्प राहिली. ज्या मुलखात पाण्याने यायचे कबूल केलेल्या तारखेला यावे अशी कोणाची अपेक्षाच नसते, तिथे हे ऐकणे सोपे नव्हते. शेवटी तिने विचारले, "मंग तुमी लोक देवाले मांगता तरी काय?"

सौ.ला उत्तर सुचले नाही. हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिले. तिने मुकाट्याने खेकडे निवडायला घेतले, आणि तिने निवडलेल्या सहांपैकी याडीने एकही बदलला नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात याडी आमच्या काउंटरवर आली. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे पैसे खात्यात जमा होत होते, पण निघत नव्हते. खात्याचे केवायसी जुने झालेले, व्यवहार थांबलेला. मी तिचा अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितला. यंत्राने लाल दिवा दाखवला. पुन्हा लाल. दुसरा अंगठा, मग तर्जनी, मग ओळीने बाकीची. हात पुसून झाला, ओला करून झाला, कारभाऱ्यांनी खोबरेल आणून लावले. लाल. निंदणीने, धुण्याने, मातीने, दोरीने त्या बोटांवरच्या रेषा गेलेल्या होत्या. दाबून पाहताच खेकडा भरला आहे की पोकळ हे ज्या अंगठ्याला समजते, तो अंगठा यंत्राच्या लेखी कोणाचाच नव्हता.

रांगेतले लोक मागून पाहत होते. याडी म्हणाली, "ओळख देनारा पायजे काय? कारभारी हाय. तुमी हाय. बाईसाहेब हाय घरी."

त्या फॉर्मवर तो रकाना आता नाही. मी तिला बाकावर बसवले. यंत्र नाही म्हणाले तर कागदावर करता येते. अर्ज, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, अर्जावर अंगठा (शाईचा, त्याला रेषा लागत नाहीत, नुसता डाग पुरतो), साक्षीदार, अधिकाऱ्याची सही. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी. आमच्या निम्म्या खातेदारांचा वाढदिवस 1 जानेवारीलाच असतो. ज्याला तारीख सांगता आली नाही त्याला वर्षाचा पहिला दिवस मिळालेला आहे. झेरॉक्सचे दुकान रस्त्यापलीकडे. पहिली पुसट आली म्हणून दुसरी, फोटोत पदर डोळ्यांवर आला म्हणून पुन्हा फोटो. दुपारचे दोन वाजले. तिने एकदाही कुरकुर केली नाही, फक्त एकदा यंत्राकडे बोट दाखवून कारभाऱ्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी विचारले आणि कारभारी हसले. मी अर्थ विचारला. "म्हनते," ते म्हणाले, "याले उताणं करून पाहा म्हनते, भरेल हाय का पोकळ."

चार दिवसांनी व्यवहार सुरू झाला. तीन महिन्यांचे साचलेले पैसे तिने घेतले, दोन वेळा मोजले, दोनशेची प्रत्येक नोट उजेडात धरून पाहिली. मला राग आला नाही. माझे प्रशिक्षण तिनेच केलेले होते.

सोळा जुलैच्या सुमारास सूर्य कर्क राशीत आला, पंचांगात माझ्या राशीला त्या महिन्यात खर्चाचा योग होता, आणि मी तो यथासांग पाळला. पुढे जिवती जवळ आली. आषाढी अमावास्येला आमच्याकडे जिवती म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे खेकड्यांना महिनाभराची शासकीय सुट्टी. तेव्हा आदल्या संध्याकाळी शेवटच्या खरेदीला गर्दी. भाव चढलेला. जो वाटा पंधरा दिवसांपूर्वी शंभराला होता त्याचे याडी दीडशे सांगत होती. कारभाऱ्यांनी मला हळूच कोपराने ढोसले. आता तर ओळखीचे झालात, सांगा की. मीही घसा साफ केला. म्हटले, "याडी, आपली आता चांगली ओळख झाली. काही कमी करा."

तिने पोत्यावरचा दगड बाजूला केला, एक खेकडा उचलला, पोट दाबले, ठेवून दिला, दुसरा उचलला.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "तुमी एक तरी झेरॉक्स कमी घेतली काय जी?"

मी दीडशे रुपये मोजून दिले. सौ.ने पिशवी पुढे केली. सहा खेकडे आत गेल्यावर याडीने सातवा टाकला, एका नांगीचा. त्याची दुसरी नांगी फुटायला लागली होती, करंगळीच्या नखाएवढी.